युद्धाच्या काळात ख्रिस्ती विवेक



आज सामान्य काळातील एकोणिसावा रविवार आणि तारीख आहे ९ ऑगस्ट. आपण हा दिवस क्रांतिदिन म्हणून ओळखतो. १९४२ साली मुंबईच्या गवालिया टँक मैदानावर ‘छोडो भारत’चा ठराव झाला आणि ९ ऑगस्टच्या पहाटे गांधीजींना अटक झाली. याच तारखेला आणखी दोन घटना घडल्या आहेत, ज्या ख्रिस्ती माणसाने विसरू नयेत. ९ ऑगस्ट १९४३ रोजी फ्रान्झ येगरश्टेटर नावाच्या एका ऑस्ट्रियन शेतकऱ्याचा जर्मनीत शिरच्छेद करण्यात आला, कारण हिटलरच्या सैन्यात लढायला त्याने नकार दिला होता. आणि ९ ऑगस्ट १९४५ रोजी जपानमधील नागासाकी शहरावर अणुबॉम्ब टाकण्यात आला.

या दोन घटना समोर ठेवून आज आपण एका अवघड प्रश्नाचा विचार करू या. युद्धाविषयी ख्रिस्ती माणसाने काय म्हणावे?

हा प्रश्न आपल्यापासून दूरचा नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर चढाई केली. ऑक्टोबर २०२३ मध्ये हमासने इस्रायलवर हल्ला केला आणि त्यानंतर गाझामध्ये जे घडले ते आपण सर्वांनी पाहिले. एप्रिल २०२५ मध्ये पहलगाम येथे २६ निरपराध माणसांना अतिरेक्यांनी ठार मारले आणि मे महिन्यात आपला देश व पाकिस्तान यांच्यात चार दिवस संघर्ष झाला. त्या दिवसांत घरोघरी रात्री उशिरापर्यंत टीव्ही चालू होता. शत्रूची शहरेच्या शहरे बेचिराख करावीत, असे संदेश मोबाइलवर फिरत होते. आपल्यातीलही काहींनी ते वाचून पुढे पाठवले असतील. त्याच आठवड्याच्या रविवारी आपण मिस्साला आलो आणि एकमेकांना शांतीची खूण दिली. या दोन्ही गोष्टी एकाच मनात कशा राहू शकतात, हे आपण स्वतःला विचारले पाहिजे.

आजची तिन्ही वाचने या विचाराला मदत करतात. पहिल्या वाचनात एलिया संदेष्टा होरेब पर्वतावर देवाची वाट पाहत आहे. मोठा वारा सुटतो, भूकंप होतो, आग भडकते. पण परमेश्वर यांपैकी कशातही नसतो. शेवटी एक मंद, हळुवार आवाज येतो आणि एलिया आपला चेहरा झाकून घेतो. हा प्रसंग कुठे येतो ते लक्षात घ्या. त्याच्या थोडेच आधी कर्मेल डोंगरावर एलियाने स्वर्गातून अग्नी उतरताना पाहिला होता आणि बआलच्या संदेष्ट्यांना तलवारीने मारले होते. अग्नीत आणि विजयात देवाला पाहिलेल्या या माणसाला देव आता वेगळा धडा शिकवतो. जिथे मोठा आवाज आहे, जिथे जाळपोळ आहे, तिथे देव असेलच असे धरून चालू नये.

दुसऱ्या वाचनात संत पौल आपल्या विवेकबुद्धीची साक्ष काढतो आणि लगेच सांगतो की, आपल्या स्वजनांसाठी आपल्या अंतःकरणात अखंड वेदना आहे, त्यांच्यासाठी आपण काहीही सोसायला तयार आहोत. आपल्या लोकांवरचे प्रेम आणि विवेक या दोन गोष्टी पौलाच्या मनात एकमेकींच्या विरोधात उभ्या नाहीत. देशावर प्रेम करणे हे पाप नाही, ते कर्तव्य आहे. पण ते प्रेम विवेकाचा हात धरून चालले पाहिजे.

आणि शुभवर्तमानात पेत्र वादळात घाबरतो. जोवर त्याची दृष्टी येशूवर असते तोवर तो पाण्यावर चालतो. वाऱ्याकडे लक्ष जाताच तो बुडू लागतो. युद्धाच्या काळात आपलेही असेच होते. भीती वाढते, येशूवरची नजर हलते आणि शांततेच्या काळात जे आपण कधीच मान्य केले नसते ते आपल्याला योग्य वाटू लागते.

प्रभू येशूने शत्रूवर प्रेम करण्याची आज्ञा दिली. त्याला पकडायला शिपाई आले तेव्हा पेत्राने तलवार उपसून मल्ख नावाच्या सेवकाचा कान कापला. येशूने पेत्राला तलवार म्यान करायला लावली आणि त्या सेवकाला बरे केले. पण याच येशूने कफर्णहूमच्या रोमी शताधिपतीच्या श्रद्धेची तोंड भरून स्तुती केली आणि त्याला नोकरी सोडायला सांगितले नाही. योहान बाप्तिस्माकडे शिपाई आले तेव्हा त्यानेही त्यांना लोकांना छळू नका, लुबाडू नका, असेच सांगितले.

म्हणूनच आरंभीच्या काळापासून ख्रिस्तसभेत दोन प्रकारची माणसे दिसतात. उत्तर आफ्रिकेत २९५ साली मॅक्सिमिलियन नावाच्या २१ वर्षांच्या तरुणाने आपण ख्रिस्ती असल्यामुळे सैन्यात जाणार नाही, असे न्यायाधीशाला सांगितले आणि मरण पत्करले. तो संत आहे. दुसरीकडे सैन्यात राहून श्रद्धेने जगलेली माणसेही होती. पुढे संत अगस्तीन यांनी एक प्रश्न विचारात घेतला. माझ्यावर कोणी हल्ला केला तर मी दुसरा गाल पुढे करीन, पण माझ्या डोळ्यांदेखत दुर्बलांवर हल्ला होत असेल तर त्यांचा गाल पुढे करण्याचा अधिकार मला आहे का? अगस्तीन यांच्या मते राज्यकर्त्याला लोकांच्या रक्षणासाठी शस्त्र उचलावे लागू शकते. मात्र न्याय्य युद्धाकडेही शहाण्या माणसाने दुःखानेच पाहावे, असे त्यांनी बजावले. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी तीन अटी सांगितल्या: युद्धाचा निर्णय योग्य सत्तेने घेतलेला असावा, कारण न्याय्य असावे आणि हेतू शुद्ध असावा. सूड, लोभ, सत्तेची हाव या गोष्टी त्यात नसाव्यात.

आज कॅथोलिक श्रद्धाग्रंथात या विचाराचे सार दिले आहे. हल्लेखोराने केलेली हानी गंभीर, टिकणारी आणि निश्चित असली पाहिजे. ती थांबवण्याचे इतर सर्व मार्ग संपलेले असले पाहिजेत. यशाची खरी शक्यता असली पाहिजे. आणि युद्धामुळे होणारे नुकसान मूळ अन्यायापेक्षा मोठे असता कामा नये. या चारही अटी एकाच वेळी पूर्ण व्हायला हव्यात. एक पूर्ण झाली म्हणून भागत नाही. शिवाय युद्ध सुरू झाले म्हणजे नीतिनियम संपले असे होत नाही. युद्ध न लढणारे नागरिक, जखमी शिपाई आणि कैदी यांना माणुसकीनेच वागवले पाहिजे.

या अटी युद्धाला परवाना देण्यासाठी आहेत, असा अनेकांचा समज असतो. तसे नाही. शेताला कुंपण आपण गुरे आत यावीत म्हणून घालत नाही. या अटीही युद्ध अडवण्यासाठी आहेत. आणि त्यांचा खरा उपयोग शत्रूला दोषी ठरवण्यासाठी नाही. शत्रूची चूक आपल्याला कोणी शिकवावी लागत नाही. या अटी आपल्याच बाजूला प्रश्न विचारण्यासाठी आहेत.

३९० साली रोमन सम्राट थिओडोसियसच्या सैन्याने थेस्सलनीका शहरात हजारो लोकांची कत्तल केली. सम्राट ख्रिस्ती होता, चर्चचा मित्र होता. तरीही मिलानचे बिशप संत अंब्रोज यांनी त्याला पत्र लिहून कळवले की, पश्चात्ताप केल्याशिवाय त्याच्यासमोर आपण मिस्सा अर्पण करणार नाही. सम्राटाने सर्वांदेखत प्रायश्चित्त केले. आपल्याच माणसाला ‘हे पाप आहे’ असे सांगणे ही ख्रिस्तसभेची जुनी परंपरा आहे.

आता नागासाकीकडे वळू या. हे नाव आपल्या वसईला परके नाही. आपल्या मातीत जन्मलेले संत गोन्सालो गार्सिया यांना ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या टेकडीवर आपल्या सोबत्यांसह क्रुसावर खिळून मारण्यात आले. एकूण २६ जण होते. पुढे जपानमध्ये ख्रिस्ती धर्मावर बंदी आली आणि तिथल्या श्रद्धावंतांनी सुमारे अडीचशे वर्षे धर्मगुरूंशिवाय, लपूनछपून, आपल्या मुलांना बाप्तिस्मा देत श्रद्धा जपली. मार्च १८६५ मध्ये नागासाकीजवळच्या उराकामी गावातील काही जण नव्याने बांधलेल्या ओउरा चर्चमध्ये आले आणि आपली श्रद्धा एकच असल्याचे त्यांनी फ्रेंच धर्मगुरूंना हळूच सांगितले. ते चर्च त्याच २६ रक्तसाक्ष्यांना, म्हणजे आपल्या गोन्सालोंनाही, समर्पित होते. नंतर उराकामीच्या लोकांनी अनेक वर्षे कष्ट करून आपले भव्य कॅथेड्रल उभारले.

९ ऑगस्ट १९४५ रोजी अमेरिकन विमान दुसरा अणुबॉम्ब घेऊन निघाले तेव्हा त्याचे लक्ष्य कोकुरा शहर होते. कोकुरावर ढग आणि धूर होता, म्हणून विमान नागासाकीकडे वळले. सकाळी ११ वाजून २ मिनिटांनी बॉम्ब उराकामीच्या आकाशात फुटला. कॅथेड्रल तिथून साधारण अर्धा किलोमीटर अंतरावर होते. पवित्र मरियेच्या स्वर्गोन्नयनाचा सण जवळ आला होता, आत पापनिवेदन चालले होते. आतले धर्मगुरू आणि लोक, सर्व जण मरण पावले. उराकामीतील सुमारे १२,००० कॅथोलिकांपैकी सुमारे ८,५०० जण दगावले. अडीचशे वर्षांच्या छळाला जे साधले नव्हते ते एका क्षणात झाले, आणि ज्या देशाच्या विमानाने ते केले त्या देशातील बहुसंख्य लोक ख्रिस्ती होते.

इथे एक काळजी घेऊ या. नागासाकीतील मृत कॅथोलिक होते म्हणून त्यांचे मरण अधिक दुःखाचे, असे आपल्याला म्हणायचे नाही. तीन दिवस आधी हिरोशिमात मेलेल्या बौद्ध आईचे मूलही देवाचेच होते. जपानी सैन्याने चीनमध्ये, नानजिंगमध्ये १९३७ साली मारलेली माणसेही देवाचीच होती. जपानने आशियात मोठे अत्याचार केले होते, नागासाकीत शस्त्रांचे कारखाने होते, हेही खरे आहे. बॉम्बमुळे युद्ध लवकर संपले आणि पुढचे लाखो जीव वाचले, असे समर्थन आजही केले जाते.

या समर्थनाला ख्रिस्ती श्रद्धेचे उत्तर स्पष्ट आहे. चांगले साधावे म्हणून वाईट करता येत नाही, ही संत पौलाची शिकवण आहे. एखादे शहर त्यातील रहिवाशांसह नष्ट करणे हा देवाविरुद्ध आणि मानवाविरुद्ध गुन्हा आहे, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली निःसंदिग्धपणे जाहीर केले. ‘कोणी केले’ आणि ‘कोणावर केले’ यावर हे अवलंबून ठेवलेले नाही. पोप फ्रान्सिस २४ नोव्हेंबर २०१९ रोजी नागासाकी आणि हिरोशिमा येथे गेले तेव्हा त्यांनी अण्वस्त्रांचा वापरच नव्हे, तर ती बाळगणेही अनैतिक असल्याचे सांगितले. आपला देशही अण्वस्त्रे बाळगणारा आहे. म्हणून हे शब्द ऐकताना आपल्याला अडचण वाटली तर ती वाटू द्यावी.

ज्या टिनियन बेटावरून ती विमाने उडाली तिथे जॉर्ज झाबेल्का नावाचे एक कॅथोलिक धर्मगुरू सैनिकांची आध्यात्मिक सेवा करीत होते. पुढे त्यांना जाणवले की, शहरांवर बॉम्ब पडत आहेत, त्यात मुले जळत आहेत हे माहीत असूनही आपण त्या सैनिकांना त्याबद्दल एक शब्दही बोललो नव्हतो. उरलेले आयुष्य ते याची जाहीर कबुली देत आणि शांतीचा प्रचार करीत राहिले. त्यांनी बॉम्ब टाकला नव्हता. ते फक्त गप्प राहिले होते. तरीही त्यांनी आपल्या मौनाला पाप म्हटले.

आता फ्रान्झकडे येऊ. सेंट राडेगुंड या लहानशा गावातील हा माणूस कोणी पंडित नव्हता. शेती करायचा, आणि आपल्या चर्चमध्ये सॅक्रिस्टनचे काम करायचा. तरुणपणी बराच अवखळ होता. फ्रान्झिस्काशी लग्न झाल्यावर त्याची भक्ती वाढली. त्यांना तीन मुली झाल्या. हिटलरचे युद्ध अन्यायाचे आहे, आणि त्यात लढणे म्हणजे त्या अन्यायात भागीदार होणे आहे, अशी त्याची खात्री झाली. गावातील बहुतेकांनी त्याला समजावले. त्याचे बिशपही म्हणाले की, तुझ्यावर कुटुंबाची जबाबदारी आहे आणि सत्ताधाऱ्यांच्या निर्णयाचा दोष सामान्य माणसावर येत नाही. फ्रान्झने जखमींची सेवा करण्याची तयारी दाखवली, ती मान्य झाली नाही. १९४३ च्या मार्चमध्ये त्याला अटक झाली, जुलैमध्ये मृत्युदंड सुनावला गेला आणि ९ ऑगस्टला तो अमलात आला. तेव्हा त्याचे वय ३६ होते. युद्ध संपल्यावरही गावातील अनेकांनी त्याला दोष दिला. मुलींना वाढवण्याचा भार फ्रान्झिस्काने एकटीने वाहिला.

त्याचे काय चुकले, असे आपल्यालाही वाटू शकते. तीन लहान मुलींचा बाप! त्याच्या मरणाने युद्ध एक दिवसही लवकर थांबले नाही. मग त्याचा उपयोग काय? पण क्रुसाखाली उभे राहून हाच प्रश्न विचारला तर काय उत्तर येते? फ्रान्झने आपल्या मरणाचा हिशोब मांडला नाही. त्याने एवढेच पाहिले की, उद्या देवासमोर उभे राहताना ‘मला वरून हुकूम होता’ हे उत्तर चालणार नाही.

आणि इथे पुन्हा आपला एक धागा जोडला जातो. १९६५ साली व्हॅटिकन परिषदेत युद्धाचा विषय चर्चेला आला तेव्हा फ्रान्झचे उदाहरण परिषदेपुढे ठेवणारे होते आर्चबिशप थॉमस रॉबर्ट्स. १९३७ ते १९५० या काळात ते मुंबईचे आर्चबिशप होते. तेव्हा आपली वसई मुंबई धर्मप्रांतातच होती, त्यामुळे आपल्या आजी-आजोबांचे ते धर्माध्यक्ष होते. ज्या शेतकऱ्याला त्याच्या हयातीत पाठिंबा मिळाला नाही त्याची बाजू ख्रिस्तसभेच्या सर्वोच्च परिषदेत मांडली जावी, असे त्यांनी पाहिले. विवेकामुळे शस्त्र घ्यायला नकार देणाऱ्यांसाठी कायद्यात माणुसकीची तरतूद असावी, असे परिषदेने म्हटले. २६ ऑक्टोबर २००७ रोजी लिंझच्या कॅथेड्रलमध्ये फ्रान्झला धन्यवादित घोषित करण्यात आले. ९४ वर्षांची फ्रान्झिस्का त्या सोहळ्याला हजर होती.

याचा अर्थ सैन्यात जाणे पाप आहे असा मुळीच नाही. जे सैनिक आपले काम न्यायाने करतात ते लोकांच्या सुरक्षिततेचे आणि स्वातंत्र्याचे सेवक आहेत, असे त्याच परिषदेने म्हटले आहे. आपल्या ओळखीच्या घरांतली मुले सीमेवर असतील तर त्यांच्यासाठी आपण अभिमानाने आणि कळकळीने प्रार्थना करावी. पहलगामसारख्या हल्ल्यापासून नागरिकांचे रक्षण करणे हे शासनाचे कर्तव्यच आहे. पण सैनिकाच्या खांद्यावर जे ओझे असते ते आपण घरी बसून हलके समजू नये. तो गोळी झाडतो तेव्हा त्याला नियम पाळावे लागतात. आपण सोफ्यावर बसून शहरे जाळायची भाषा करतो तेव्हा कोणता नियम पाळतो?

आपल्या काळातील पोपमहोदयांनी हाच प्रश्न मोठ्या सत्तांना विचारला. बेनेडिक्ट पंधरावे यांनी ऑगस्ट १९१७ मध्ये लढणाऱ्या राष्ट्रांना शांतीचा प्रस्ताव पाठवला. त्या युद्धात दोन्ही बाजूंना ख्रिस्ती सैनिक होते आणि दोन्ही बाजूंनी पोपवर पक्षपाताचा संशय घेतला. जॉन पॉल दुसरे यांनी २००३ साली इराकवरील युद्ध थांबवण्यासाठी कार्डिनल पिओ लाघी यांना अमेरिकेच्या अध्यक्षांकडे पाठवले. पोप फ्रान्सिस यांनी २०२० च्या आपल्या परिपत्रकात लिहिले की, आजच्या शस्त्रांची ताकद पाहता न्याय्य युद्धाच्या जुन्या कसोट्या लावून एखाद्या युद्धाचे समर्थन करणे फार कठीण झाले आहे. गाझातील छोट्या कॅथोलिक धर्मग्रामाला ते आजारपणातही फोन करीत राहिले. ८ मे २०२५ रोजी निवडून आलेल्या पोप लिओ चौदावे यांनी जगाला पहिले अभिवादन केले ते पुनरुत्थित प्रभूच्या शांतीचेच.

मग आपण, या एका चर्चचे लोक, काय करू शकतो? आपल्या हाती सैन्य नाही, पण जीभ आहे, मोबाइल आहे आणि प्रार्थना आहे. पुढच्या वेळी द्वेषाचा संदेश आला तर तो आपल्यापाशीच थांबू द्या. बातम्या पाहताना पलीकडच्या मृतांचीही संख्या पाहा. घरी रोजरी म्हणताना एक दशक आपल्या सैनिकांसाठी म्हणा, आणि एक दशक शत्रूच्या मुलांसाठी म्हणा. आपल्या मुलांना सांगा की, देशभक्ती म्हणजे आपल्या देशाचे सगळे बरोबरच मानणे नव्हे. आईवर प्रेम करणारा मुलगाच तिला चूक दाखवतो.

आणि ही सवय युद्ध येण्याची वाट न पाहता आजच लावून घेऊ या. वाडीतल्या बांधाच्या भांडणात, भावाभावांच्या वाटणीत, पंचायतीच्या निवडणुकीत आपण आपल्याच बाजूला कधी ‘हे बरोबर नाही’ म्हणतो का? जो तिथे म्हणू शकत नाही तो मोठ्या प्रसंगी कसा म्हणणार? फ्रान्झचा विवेक एका दिवसात तयार झाला नाही. रोजच्या मिस्साने, प्रार्थनेने आणि शास्त्रवाचनाने तो घडला होता.

येत्या १५ ऑगस्टला आपण स्वर्गोन्नयनाचा सण साजरा करू आणि चर्चच्या आवारात तिरंगाही फडकवू. दोन्ही आनंदाने करू या. त्या दिवशी, ज्या सणाची तयारी करताना उराकामीचे लोक गेले त्यांची आठवण ठेवू या.

हे शांतिदात्या प्रभो, आमच्या देशाचे रक्षण कर. जे सीमेवर उभे आहेत त्यांना सुखरूप ठेव आणि त्यांचे हात निरपराधांच्या रक्तापासून दूर ठेव. ज्यांना आम्ही शत्रू म्हणतो त्यांच्याही घरांत आज रात्री मुले शांत झोपोत. वाऱ्याच्या आणि अग्नीच्या गोंगाटात तुझा हळुवार आवाज आम्हाला ऐकू येऊ दे. आणि तो ऐकल्यावर, घाबरलेल्या पेत्राला धरलेस तसा आमचाही हात धर. आमेन.